कन्फुशियसच्या गावात जवाईबापू

...आन् वरून बोलणी खाल्ली कोणी? मी! मी काय म्हटलं होतं का त्यायले, का मामाजी, तुमी अडुसष्ट वर्षाचे आहा, बीपीची गोळी खाता, तं दोन्ही पिशव्या तुमीच उचला, एक पाठीवर, एक पोटावर, अन् मी मांगून रिकाम्या हातानं छत्री फिरवत येतो? म्हटलं होतं का? नाही ना? तरी अख्खं गाव मले शिव्या देऊन राहिलं होतं राजेहो! अन् गाव कोणाचं? कन्फुशियसचं! जिथं अडीच हजार वर्षांपासून एकच गोष्ट शिकवून राहिले, का म्हाताऱ्यायची सेवा करा... तिथं मी असा मोकळा, अन् सासरे बोज्याखाली वाकलेले! काय करता... जवायाचा मान असते बाप्पा!

लाइन सरकली का हो हरिभाऊ? नाही? दुधाची गाडीच आली नाही? मंग ऐका, सव्वासहाच्या आत मले घरी पोचायचं आहे, कावून ते सांगतो, पण आधी हे ऐका. अन् सिंधुताई, माह्या हातात दोन डबे पाहून हसू नका, एक डबा आमचा रोजचा, दुसऱ्याचंही सांगतो, तोच तं सगळा तमाशा आहे.

तं पाहा. मी माणिक, भिलाईच्या रेल मिलच्या टाइम ऑफिसात वीस वर्षं लोकायची हजेरी लावून राहिलो, सेक्टर सातच्या बाहेर फार तं फार डोंगरगडपर्यंत जाणारा माणूस. मले चीनशी काय घेणं? घेणं होतं आमच्या मामाजीले, म्हणजे सासऱ्यायले. मारोतराव. प्लांटमधे फोरमन होते, दहा वर्षं झाली रिटायर होऊन. दुर्गले दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत. मामी चार वर्षांखाली गेल्या. पोरगा नाही. पोरगी एकच, साधना, ते माह्या घरी. आता दुर्ग ते सेक्टर सात, स्कूटरनं किती लागते? वीस मिनिटं. मंग म्हाताऱ्यानं इथंच येऊन राहावं का नाही? पण ते राहतीन? अहो, ते आमच्या घरचं पाणी पीत नाहीत, पाणी!

मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यायचा नियम. लोकायमधे नातवंड झालं का हा नियम सुटते. आमची पोट्टी आठ वर्षांची झाली, तिसरीत गेली, पण मामाजीचं काही सुटलं नाही. रविवारी येत. खांद्याले स्वतःची पाण्याची बाटली, दुर्गच्या नळाची. पिशवीत स्वतःचा डबा. व्हरांड्यात खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसत, टेकत नाहीत, पोरीच्या घरच्या खुर्चीले टेकलं तं तिचा भार वाढते म्हणे! साधना आतमधे शिरा करून रडे. अन् मी व्हरांड्यात गेलो का हे उठून उभे! अडुसष्ट वर्षांचा माणूस! "या जवाईबापू, बसा जवाईबापू." अहो माह्यं नाव माणिक आहे! चौदा वर्षं झाली लग्नाले, एकदा तरी 'माणिक' म्हणा! नाही. जवायाचा मान असते बाप्पा!

तं झालं काय, का घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं, त्याले खोल्या पाहिजे होत्या. बिचारा भला माणूस, हात जोडून म्हणे, मारोतराव, एकतीस मेपर्यंत पाहून घ्या. साधना म्हणे, "बाबा, आता चला आमच्याकडं." मामाजी म्हणे, "मी आर्वीले जाईन. तिथं माह्या वाट्याची एक खोली आहे." आर्वीले! वर्धा जिल्ह्यात! तिथं ओळखीचं कोण? कोणी नाही. बीपीचा माणूस, एकटा, चाळीस वर्षं भिलाईत काढलेला, एका खोलीत जाऊन काय करीन? भिंतीकडं पाहीन? "पण जाण्याच्या आधी," म्हणे, "मी चीनले जाऊन येतो."

अशीच साधना ओरडली होती, तुमी आता ओरडल्या तशी! चीनले?!

त्याचं असं आहे, का मामाजीनं दुर्गच्या रद्दीवाल्याकडून एक हिंदी पुस्तक आणलं होतं, कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत, कन्फुशियसच्या चरित्राचं. ते रिटायर झाल्यापासून वाचून राहिले. जो तो आपल्या जागेवर नीट राहिला म्हणजे दुनिया नीट चालते, एवढंच त्यात आहे म्हणे, फोरमनले आवडणारच ना! नातेवाईक म्हणे काशीले जा. हे म्हणे, काशी कुठं पळून जाते? मले त्या माणसाचं गाव पाहायचं आहे. आराम-हॉटेल नाही, टूरवाले नाही, पाठीवर पिशवी टाकून, बसनं, रेल्वेनं, पायी. साधनानं मले आत नेलं, दार लावलं अन् म्हणे, "अहो, तुमी संगं जा. अन् बाबाले राजी केल्याशिवाय परत येऊ नका." आता सांगा, बीजिंगवरून परत येण्यासाठी व्हिसा लागते का बायकोची परवानगी?

पिशव्या शिवल्या सुपेल्याच्या टिकारामनं. टिकाराम काय करते? स्कूटरच्या सीटचे कव्हर शिवते! त्याले म्हटलं, पाठीवरची पिशवी पाहिजे. त्यानं काळं रेक्झिन, मधात मरून पट्टी, अन् खाली फोम टाकून दिला. मी म्हटलं टिकाराम, फोम कावून? "बइठे बर बने रही भैया!" बसायले बरं राहीन म्हणे! आमच्या पाठीवर कोण बसणार होतं? पण पिशवी मजबूत, रिकामीच चार किलो. भरल्यावर... जाऊ द्या.

दुर्ग स्टेशनवर पोचवायले विजयकुमार आले होते. हे नाव लक्षात ठेवा, मांगून कामात येते. मामाजीच्या पुतणीचे यजमान, रायपूरचे, म्हणजे तेही जवाईच, माह्ये साडू. माणूस कसा? पँटीची इस्त्री मोडू नये म्हणून प्लॅटफॉर्मवर बसत नाही असा. मी पिशवी उचलाले वाकलो, तं मामाजीनं झटकन ओढून घेतली! एक पाठीवर, एक पोटावर. "जवाईबापूनं सामान उचललं तं लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, मामाजी, माह्यी मले तरी द्या! "माह्या जिवात जीव असेपर्यंत नाही." अन् विजयकुमार शेजारी उभे, गालात हसून म्हणे, "घेऊ द्या हो साडूभाऊ, मान घ्यायले शिका." मानच घेतो म्हटलं! तुमचं काय जाते?

दिल्ली झाली, विमान झालं, बीजिंग झालं. तिथून रात्रीची नाही, दिवसाचीच रेल्वे धरली, यानझोऊ नावाच्या स्टेशनची, तिथून कन्फुशियसचं गाव दहा मैल, चुफू. जागा भेटली एकच, लाकडासारखी कडक, खिडकीजवळ. मामाजीनं मले खांद्याले धरून बसवलं अन् स्वतः उभे राहिले, दोन्ही पिशव्यांसकट! खाली ठेवा ना म्हटलं, तं म्हणे तुमच्या पायाले लागतीन. समोर एक चिनी आजी होती, सूर्यफुलाच्या बिया फोडून राहिली होती. तिनं मामाजीकडं पाहिलं. माह्याकडं पाहिलं. पुन्हा मामाजीकडं पाहिलं. बिया ठेवल्या, उठली, अन् मले शर्टाच्या बाहीले धरून उभं केलं! मामाजीले बसवलं. मी म्हटलं वा, देव पावला! तं दोन मिनिटांत मामाजी उठले, मले बसवलं. आजीनं मले उठवलं. मामाजीनं बसवलं. आजीनं उठवलं! डब्बाभर लोक पाहून राहिले. शेवटी त्या जागेवर आजीनं आपलं गाठोडं ठेवलं अन् आमी दोघंही यानझोऊपर्यंत उभे गेलो. पाच तास! गाठोडं मात्र खिडकीजवळ आरामात.

सरकली? सरका सरका... दोन पावलं काय, एक तं एक.

तं मंग चुफू. गाव कसं? आपल्या दुर्गएवढं असंल-नसंल, सायकली, भाजीवाले, म्हातारे झाडाखाली पत्ते खेळून राहिले. अन् मधात एक मंदिर, मंदिर म्हणजे काय, एका दारातून गेलं का दुसरं दार, दुसऱ्यातून तिसरं, अंगणंच अंगणं, जुनी देवदारासारखी झाडं, दगडी खांबावर ड्रॅगन असे कोरलेले का हात लावला तं चावीन. मी पाहिलं का पण ते? मले वेळ होता का? मी लोकायची नजर पाहून राहिलो होतो! समोरून मामाजी, स्कूटरच्या दोन सीटा अंगावर बांधल्यासारखे, घामानं चिंब. मांगून मी. हातात छत्री. तीही त्यायनंच दिली होती, जवाईबापूले ऊन लागते म्हणून!

अन् दिवस कोणता? एप्रिलची सुरुवात, त्यायचा पितरांचा सण. गावोगावचे लोक आजोबा-पणजोबांच्या कबरी साफ करायले आलेले. अहो, एक पोरगा पाहिला, तिशीचा, आजीले पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढून राहिला! आजी वरून हात दाखवून राहिली, इकडं घे, तिकडं घे. अन् त्याच्या शेजारून आमची वरात! पाय ठेवायले जागा राहिली का मले?

आमाले एक पोट्टी भेटली होती वाट दाखवायले, मिस लिऊ, कॉलेजात इंग्रजी शिकून राहिली. भली पोट्टी. तिनं मले बाजूले घेऊन विचारलं, हे तुमचे वडील का? मी म्हटलं नाही, बायकोचे. मंग ते सामान कावून उचलून राहिले? मी म्हटलं, मान. कोणाचा? माह्या. तोपर्यंत दहा-पंधरा लोक जमलेले, मधात एक पांढऱ्या दाढीचे आजोबा, ते काठी आपटून काहीतरी बोलले. मिस लिऊ म्हणे, हे विचारून राहिले, तुमच्या देशात म्हातारे हमाली करतात का? मले आला घाम! मी म्हटलं, पोरी, त्यायले सांग, आमच्याकडं जवाई म्हणजे देवासारखा, लग्नात यानं, सासऱ्यानं, माह्ये पाय धुतले होते, ताटात!

हे सांगायले नको होतं. तिनं ते चिनीत सांगितलं... अन् जो आवाज झाला! जसा बॉइलरचा व्हॉल्व्ह उघडते तसा, "आऽऽय्या!" दाढीवाले आजोबा माह्या पायाकडं पाहून राहिले, त्या पायात असं काय आहे म्हणून. एका बाईनं लेकराचे डोळे झाकले! अन् मामाजी? ते खुश! त्यायले वाटलं लोकायले आपली रीत पसंत पडली. हात जोडून सगळ्यायले नमस्कार करून राहिले, पोटावरच्या पिशवीवरून हात पुरत नव्हते तरी!

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, पहाटे उठलो, गेस्टहाउसच्या खोलीत ते आंघोळीले गेले, तं दोन्ही पिशव्या अंगावर चढवून दारात उभा राहिलो. बाहेर येऊन पाहते तं काय! चेहरा असा पडला म्हाताऱ्याचा... पलंगावर बसले. म्हणे, "जवाईबापू, माह्यं काय चुकलं? साधनाच्या संसारात काही कमी पडलं का माह्याकडून? लग्नात काही राहून गेलं होतं का?" अन् नाश्त्याची वाटी समोर, हात लावला नाही. आता बोला! मी मान घेतला तं चिनी मारतात, नाही घेतला तं सासरे उपाशी मरतात. उतरवल्या पिशव्या. काय करता? जवायाचा मान!

अन् घरी येण्याची गोष्ट? रोज काढे मी. बसमधे काढली, जेवताना काढली, कन्फुशियसच्या वंशजांच्या वाड्यात काढली, म्हटलं पाहा मामाजी, इथं चारशे खोल्या, सगळे संगं राहिले. तं म्हणे, "ते पोरायच्या घरी राहिले, जवाईबापू. पोरीच्या घरी नाही. आर्वी काही वाईट नाही." एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. अन् एक सांगू तुमाले? हसण्यावारी नेऊ नका. माह्ये बाबा मी सहावीत असताना गेले. मले काही साधनाच्या धाकानंच त्यायले आणायचं नव्हतं. मले घरात बाप पाहिजे होता. व्हरांड्यात खुर्चीले पाठ टेकून बसलेला, कावून उशीर झाला म्हणून विचारणारा. चौदा वर्षं या माणसाच्या पाया पडाले वाकलो का हेच आधी मांगं सरकत! पाय सापडलेच नाहीत मले त्यायचे.

गाडी आली का ती? नाही, ट्रक आहे. उभे राहा.

चुफूतल्या शेवटच्या दिवशी गेलो कबरीच्या रानात. कन्फुशियसची कबर गावाबाहेर रानात आहे, रान म्हणजे त्यायच्या खानदानाचं कब्रस्तान, चालता चालता पाय तुटतीन एवढं. मामाजी पुढं, दोन पिशव्या, ऊन निघालेलं. अन् मी पाहून राहिलो का त्यायचे पाय वाकडे पडून राहिले. मामाजी! म्हटलं, थांबा! तं थांबले नाहीत, बसलेच एका झाडाच्या मुळीवर, धप्पकन. ओठ पांढरे. त्यायची बाटली उलटी केली, थेंब नाही. मी माह्यी बाटली काढली... कोणती? आमच्या पोट्टीची शाळेची! गुलाबी, वर बदकाचं चित्र. साधनानं घाईत तेच टाकली होती. मामाजीनं बदकाकडं पाहिलं अन् मान फिरवली. "ते... साधनाच्या घरची बाटली."

मामाजी, बाटली साधनाची असंल, पाणी चीनचं आहे!

"भांडं तं तुमचं आहे."

अहो चक्कर येऊन राहिली तुमाले!

"येऊ द्या. चौदा वर्षं पाळलं, आता मोडू?"

माह्यं डोकं फिरलं राजेहो! तिथं, हजार कबरीच्या मधात, ओरडलो मी. जन्मात पहिल्यांदा सासऱ्यावर ओरडलो! म्हटलं, मले काय तोंड दाखवायचं साधनाले? म्हणू का, का बाबा चीनमधे तहानेनं गेले पण नियम नाही मोडला? अन् आर्वीले एकटे असताना असंच झालं तं? कोण येणार पाणी घेऊन? भिंत? मिस लिऊ घाबरली बिचारी. तिले वाटलं काहीतरी बोलून वातावरण बदलावं, तं तिनं आपली रोजची माहिती सुरू केली. ती समोर मोठी कबर आहे ना, ते कन्फुशियसची. शेजारी त्याच्या पोराची, पोरगा बापाच्या आधीच गेला. अन् तिकडं ती लहानशी खोली दिसते, तिथं त्याचा एक शिष्य राहिला होता. गुरू गेल्यावर बाकीचे शिष्य तीन वर्षं राहिले अन् आपापल्या घरी गेले. हा आणखी तीन वर्षं राहिला. सहा वर्षं. झोपडी बांधून, एकटा, कबरीपाशी.

मी मामाजीले मराठीत सांगितलं. ते खोलीकडं पाहून राहिले. मंग म्हणे, "माह्या पुस्तकात हे नाही. शेवटची पानं फाटलेली होती." मंग म्हणे, "तो पोरगा नव्हता त्याचा?"

नाही.

"नात्यातला?"

नाही जी. परका.

"अन् पोरगी होती का कन्फुशियसले?" मी मिस लिऊले विचारलं. ती म्हणे होती. लग्न करून दिलं होतं. "मंग जवाई? जवाई कुठं होता त्या सहा वर्षांत?" मिस लिऊ म्हणे, पुस्तकात पाहावं लागीन.

माह्या तोंडून निघून गेलं, मामाजी, बसला असंल घरी, मान घेत!

मंग म्हाताऱ्याच्या पोटावरची पिशवी हलाले लागली. मले वाटलं, झटका आला! पाहतो तं हसून राहिले! डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं अन् हसून राहिले, हसता हसता रडून राहिले, का रडता रडता हसून राहिले, मले काही समजलं नाही. हात पुढं केला. मी बदकाची बाटली दिली. टोपण उघडलं अन् गटागटा, गटागटा, पूर्ण बाटली रिकामी केली. तोंड पुसलं. अन् पोटावरची पिशवी काढून माह्या मांडीवर ठेवली. मंग पाठीवरची काढून तेही ठेवली. म्हणे, "उचल, माणिक."

माणिक! अहो, माणिक म्हणे! चौदा वर्षांनी! मी पाया पडाले वाकलो, तं पाय जागेवरच होते. सरकले नाहीत. काय सांगू तुमाले... रडलो मी, लाज कशाची? दोन्ही पिशव्या चढवल्या अन् रानातून असा आलो जसा मेडल घेऊन येते माणूस. फाटकापाशी तेच दाढीवाले आजोबा होते, त्यायनं मले पाहिलं, मामाजीले मोकळं चालताना पाहिलं, अन् शाबासकीचा अंगठा वर केला! मले! वजन काय होतं त्या पिशव्यांचं म्हणता... एकीत विटा होत्या का काय असं वाटे. फोम घामानं भिजून पाठीले चिकटला होता. पण काहीच वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी.

हौ, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मेन्सियस नावाच्या दुसऱ्या गुरूच्या गावाले गेलो, मी दोन्ही पिशव्या घेऊन. मामाजी छत्री फिरवत. तिसऱ्या दिवशी बीजिंग, रेल्वेत एक जागा भेटली, कोण बसलं? ते! कोण उभं? आजी नव्हती मले बसवाले!

एकतीस मेले आले आमच्या घरी. पलंग, सायकल, अकरा कुंड्या, बिनकव्हरचं पुस्तक. साधना नाचून राहिली. अन् म्हातारा खुर्चीले पाठ टेकून बसला, अशी टेकली का आता उठतच नाही. कावून का त्यायचा हिशेब एकदम साफ आहे, पोरीच्या घरी राहायचं नाही हा नियम मोडला कुठं? ते पोराच्या घरी राहून राहिले! मी पोरगा झालो ना! नियम जागेवर, फक्त मी जागेवरून उठलो. सकाळी पाच वाजता आवाज, "माणक्या! दुधाची लाइन लागली असंल!" माणिकचा माणक्या व्हायले आठ दिवस लागले नाहीत. संध्याकाळी अर्धा तास उशीर झाला, "कुठं होता?" टाइम ऑफिसमधे वीस वर्षं मी लोकायची हजेरी लावली, आता माह्यी लागून राहिली! साधनाले म्हटलं, काही बोल ना. ते म्हणे, "तुमालेच बाप पाहिजे होता ना?"

पाहिजे होता. भेटला.

अन् आता दुसऱ्या डब्याचं ऐका. सध्या महिना कोणता? अधिक! धोंड्याचा महिना! जवायाले बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, तांब्याचं ताट द्यायचं, दिवा द्यायचा. मागच्या धोंड्याले माह्या ताटात होते अनारसे, खसखशीचे, तुमाले आणून दिले होते सिंधुताई, आठवते? यंदा मी दहा दिवसांखाली सहज विचारलं, मामाजी, अनारसे... "कोणाले? तुले? तू घरचा पोरगा आहेस! पोराले कोणी वाण देते का?" मंग कोणाले? म्हणे घरात एक जवाई आहेच ना अजून. रायपूरचे.

विजयकुमार! तेच! इस्त्रीवाले! त्यायच्यासाठी खीर, म्हणून दुसरा डबा. काल साडू होतो, आज मी त्यायचा साळा झालो. अन् ते सकाळच्या गाडीनं येऊन राहिले, सव्वासहाले त्यायले घ्यायले मले घरी...

थांबा. थांबा थांबा, ते कोण येऊन राहिलं? आलेच! स्टेशनवरून ऑटोनं वेळेआधीच आले अन् मामाजी त्यायले इकडंच घेऊन आले. पाहा मामाजीचा रुबाब, छत्री फिरवून राहिले. अन् विजयकुमार, पांढरी पँट, हातात ते सूटकेस... ऐका, ऐका काय म्हणून राहिले, "माणक्या! जवाईबापूच्या हातात सामान आहे अन् तू गप्पा मारून राहिला?"

आलो बाबा!

हरिभाऊ, हा डबा पकडा, हाही पकडा, माह्या नंबर ठेवा. द्या हो विजयकुमार, इकडं द्या ते सूटकेस. नाही? राहू द्या म्हणता? घरचेच आहो म्हणता? मले लाज वाटते म्हणता? अहो सोडा ते! सोडा म्हणतो ना! माह्या जिवात जीव असेपर्यंत नाही... काय भरलं हो यात, विटा का? ...काही नाही काही नाही, तुमी चला पुढं, मोकळे चला. जवायाचा मान असते बाप्पा!